दोन देशांची लॉगशीट

जुन्या लॉगशीटच्या कोऱ्या पाठीवर मी पट्टीने दोन रकाने आखले. डावीकडे भारत लिहिलं, उजवीकडे चीन. मधली रेघ पुसून पुन्हा ओढावी लागली, कारण पहिल्यांदा ती खाली जाताना डावीकडे सरकली होती आणि भारताला जागा कमी पडली असती. घरच्या प्रश्नातही पक्षपात नको, म्हणून.

प्रश्न मुलीचा होता. ती तेवीस वर्षांची. पुण्यात भौतिकशास्त्र शिकताना तिने संध्याकाळच्या वर्गात चिनी भाषा घेतली होती. मला वाटलं हौस आहे, फिटेल. पदवी घेऊन ती परत आली, धाराशिवच्या अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करू लागली. एकदा पूर्वपरीक्षा थोडक्यात हुकली. ती अधिकारी व्हावी ही माझी इच्छा, आणि ती मी लपवूनही ठेवली नव्हती. मग एके सकाळी तिने मोबाईलवरचं एक पत्र माझ्यापुढे धरलं. चीनमधल्या एका विद्यापीठाने तिला वर्षभर भाषा शिकायला बोलावलं होतं. राहण्याची आणि शिकण्याची सोय त्यांच्याकडे. होकार कळवायला तीन आठवडे.

"तुम्ही नाही म्हणालात तर मी जाणार नाही, पप्पा," ती म्हणाली. "पण नाही का, ते मला सांगा. उगंच नाही म्हणू नका."

उगाच काही करणं माझ्या स्वभावात नाही, हे तिला ठाऊक आहे. मी वीज कंपनीत यंत्रचालक आहे. तेरजवळच्या आमच्या उपकेंद्रात मोठ्या दाबाची वीज येते, ती कमी दाबाची करून सहा फीडरांवरून, म्हणजे वाहिन्यांवरून, गावांना आणि शेतांना जाते. दर तासाला उठायचं, पॅनेलसमोर उभं राहायचं, प्रत्येक फीडरचा आकडा वाचायचा आणि लॉगशीटवर लिहायचा, हे माझं काम. पुष्कळ जण पाळी संपताना आठ तासांचे आकडे एकदम भरतात. मागचा आकडा बघून पुढचा अंदाजाने लिहिता येतो आणि तो फारसा चुकतही नाही. मी तसं कधी केलं नाही. शेजारच्या उपकेंद्रातून कुणी फोनवर आकडा सांगितला, तर तो मी लाल शाईने लिहितो. लाल म्हणजे ऐकीव. निळा म्हणजे मी स्वतः मीटरसमोर उभा राहून वाचलेला. हा नियम कंपनीचा नाही, माझा आहे. साहेब लोक त्याला हसतात, पण तक्रार आली की माझीच लॉगशीट मागवतात.

तर मी ठरवलं की मुलीचा प्रश्नही याच रीतीने सोडवायचा. पुढची तीस-चाळीस वर्षं तिची आहेत. त्या काळात चीन महासत्ता होणार असेल, तर त्यांची भाषा येणाऱ्याला तोटा नाही, जाऊ द्यावं. आणि आपला देश पुढे जाणार असेल, तर इथेच थांबून अधिकारी व्हावं, देश घडताना हाताशी असावं. दोन रकाने भरायचे, कुठला जड होतो ते बघायचं, आणि कारणासह उत्तर द्यायचं.

मोठ्या आकड्यांना मी फार वेळ दिला नाही. लोकसंख्येत आपण आता पुढे आहोत. जमीन त्यांच्याकडे आपल्या तिप्पट आहे. त्यांची माणसं म्हातारी होत चालली आहेत, आपली अजून तरुण आहेत. कारखाने त्यांनी आपल्या आधी उभे केले आणि माणशी उत्पन्नात ते बरेच पुढे आहेत. हे सगळं वर्तमानपत्रात येतं आणि त्यावरून निकाल लागत नाही. एक आकडा इकडे ओढतो, दुसरा तिकडे. म्हणून मी रोजच्या जगण्यातल्या गोष्टी लिहायला घेतल्या. चीनच्या रकान्यात: तासाला तीनशे किलोमीटर पळणारी गाडी, डोंगरातून डोंगरात जाणारा पूल, महिनाभरात उभी राहिलेली इमारत, झाडलोट करणारं यंत्र. भारताच्या रकान्यात: धाराशिव एसटी गाडी वीस मिनिटं उशिरा. गावठाण फीडर दुपारी दोनदा ट्रिप, वीज बंद. रस्ता खोदला, बुजवला नाही. स्टँडवरच्या हॉटेलात चहा पिता पिता देशाच्या धोरणावर चार माणसांचं भांडण, निष्पन्न काही नाही.

आठ दिवसांत उजवा रकाना असा जड झाला की डावीकडे बघवेना.

रविवारी थोरले भाऊ आले. ते शेती करतात, सोयाबीन आणि थोडा ऊस. माझ्या हातातला कागद त्यांनी चष्म्याशिवाय वाचला, म्हणजे लांब धरून.

"हे काय, चीनची जाहिरात करतो का?"

"दादा, हिशोब मांडतोय. पोरीला पाठवायचं का न्हाय त्याचा."

"ह्यात हिशोब काय? तुझ्या खिशातला मोबाईल त्यांचा. माझ्या पाठीवरचा फवारणीचा पंप त्यांचा. आता पोरगी पण त्यांनाच देऊन टाक." ते खाटेवर बसले. "सीमेवर काय चाललंय मालूम हाय ना तुला? लोक काय म्हणतील, वायरमनची पोरगी दुश्मनाची भाषा शिकती."

मी वायरमन नाही, यंत्रचालक आहे, हे मी त्यांना पंचवीस वर्षं सांगतो आहे.

मुलगी चहा घेऊन आली. तिने कप त्यांच्यापुढे ठेवला. "मोठे पप्पा, दुश्मन काय बोलतो हे आपल्यातल्या कुणाला तरी कळायला नको का?"

"कळवायला सरकार हाय की. आन् आपल्याला त्यांच्याकडनं काय शिकायचंय? दोन हजार वर्षांमागं आपलं तेर लई मोठं व्हतं. इथला माल पार रोमला जायचा. तिथली भांडी इथं निघत्यात खणल्यावर. तवा चीन-बिन कुणाला मालूम व्हता?"

"मग तो माल घेऊन तेरचं कुणीतरी गेलंच असंल की," ती म्हणाली. "का भांडी आपली आपण चालत गेली?"

भावांनी माझ्याकडे पाहिलं. "वकील कर हिला. अधिकारी नको." मग त्यांनी चहा बशीत ओतला आणि फुंकत बसले.

बायको अंगणवाडी सेविका आहे. तिचा विरोध वेगळा होता आणि त्याला माझ्या रकान्यांत जागा नव्हती. "तिला ताप आला तर दवाखान्यात कोण नेईल, तेवढं लिहा तुमच्या कागदावर," ती म्हणाली. "महासत्ता कोण व्हायची ती होऊ द्या." आणि ती आपलं वजनांचं रजिस्टर घेऊन बसली. दर महिन्याला ती अंगणवाडीतल्या प्रत्येक मुलाचं वजन करते आणि तक्त्यावर ठिपका देते. हिरव्या पट्ट्यात आला तर ठीक, पिवळ्यात आला तर लक्ष ठेवायचं, लाल म्हणजे डॉक्टरकडे पाठवायचं. मी तिला त्या दिवशी रजिस्टरबद्दल काही विचारलं नाही. रोजचंच आहे असं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात, उत्तर द्यायला चार दिवस राहिले असताना, मुलगी माझा डबा घेऊन उपकेंद्रात आली. माझी सकाळची पाळी होती, पुढचा माणूस उशिरा येणार होता म्हणून मी थांबणार होतो. ती स्कूटी लावून आत आली आणि टेबलावरचा तो कागद तिच्या हाती लागला. मी लपवला नव्हता, पण दाखवलाही नव्हता. ती वाचत राहिली. मी जेवत होतो. खिडकीतून पलीकडचा सौर प्रकल्प दिसत होता. तो आल्यापासून शेतीचा फीडर आम्ही दिवसा चालवतो.

"म्हणजे चीन जिंकला," ती म्हणाली. "मग मी जाऊ?"

"अजून पुरतं झालं न्हाय."

"का? चीनच्या रकान्यात जागा उरलेली नाही. आता समासात लिहायला लागलाय तुम्ही."

खरं सांगायचं तर मलाच पेच पडला होता. रकान्याप्रमाणे उत्तर 'जा' असं येत होतं. पण उत्तर तसं यावं असं मला वाटत नव्हतं, आणि आकडे आवडले नाहीत म्हणून ते बदलणारा माणूस मी नाही. मी तिला तसं सांगितलं.

दोन वाजले. मी हात धुतले, पेन घेतलं आणि पॅनेलकडे निघालो.

"बसून लिहा की," ती मला चिडवायला म्हणाली. "एक वाजता जेवढं होतं तेवढंच असंल."

"असंल आणि आहे, ह्यात फरक आहे."

मी सहाही फीडर वाचले, लिहिले, परत आलो. तिने कागद माझ्याकडे फिरवून ठेवला होता.

"पप्पा, हे तीनशे किलोमीटरचं रीडिंग तुम्ही कुठं उभं राहून घेतलं?"

मी खुर्ची ओढून बसलो.

"आणि हा पूल? ही महिन्याभरातली इमारत?"

"व्हिडिओत पाहिलं. तुझ्या मोठ्या पप्पांनी पाठवलेलं."

"म्हणजे फोनवर आलेलं." तिने टेबलावरचं लाल पेन उचललं आणि माझ्यासमोर ठेवलं. "मग हे निळ्यात कसं?"

नोकरीत मला अनेकदा बोलणी बसली आहेत, पण माझ्याच नियमात मला कुणी धरलं नव्हतं. मी पेन घेतलं आणि उजव्या रकान्यातल्या ओळींखाली लाल रेघा मारत गेलो. वरपासून खालपर्यंत. समासातल्याही. एकही निळी राहिली नाही.

"आता आपला रकाना बघा," ती म्हणाली. "हा सगळा निळा आहे, ते कबूल. पण ह्यात नुसतं ट्रिप, उशीर आणि खड्डे. तुम्ही देश लिहिलाय का शेरा लिहिलाय?"

हे कळायला मला थोडा वेळ लागला. लॉगशीटच्या शेवटी एक रकाना असतो, त्याला शेरा म्हणतात. त्यात फक्त बिघाड लिहायचे असतात. अमुक वाजता फीडर ट्रिप, तमुक वाजता दुरुस्तीसाठी बंद. आज दिवसभर वीज गेली नाही, असा शेरा कुणी लिहीत नाही. मीही पंचवीस वर्षांत कधी लिहिला नव्हता. हात त्याच वळणाचा झाला होता. माझ्या देशाचा मी फक्त शेरा भरला होता, आणि दुसऱ्या देशाची जाहिरात. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून मी महासत्ता ठरवायला निघालो होतो.

मी खिडकीतून सौर प्रकल्पाच्या काचेच्या रांगांकडे पाहिलं. शेतीच्या विजेसाठी माझ्या भावांनी निम्मं आयुष्य रात्री अंधारात, पाण्यात, साप-विंचवांत पाय टाकत घालवलं. आता ते दुपारी पंप चालू करतात आणि संध्याकाळी घरी जेवतात. त्या फीडरचा आकडा मी रोज स्वतःच्या हाताने लिहितो. तो माझ्या भारताच्या रकान्यात नव्हता.

"तुला काय माहिती आहे त्यांच्याबद्दल?" मी विचारलं. "निळ्या शाईचं?"

तिने विचार केला. "एकच." मग तिने गेल्या वर्षीची गोष्ट सांगितली, जी मला अर्धीच ठाऊक होती. सौर प्रकल्पातल्या एका यंत्राच्या पडद्यावर बिघाडाची सूचना चिनी अक्षरांत येत होती आणि बसवणारी मुलं अडून बसली होती. ती अभ्यासिकेतून घरी आली होती, मीच तिला बोलावून घेतलं होतं. तिने तिकडच्या तंत्रज्ञाला व्हिडिओ कॉल लावला, तो सांगेल तसं या मुलांना सांगितलं, तासाभरात यंत्र सुरू झालं. एवढं मी पाहिलं होतं. तंत्रज्ञ मध्येच काय बोलला ते मला कळलं नव्हतं.

"त्याला माझ्यामागचं रान दिसलं. त्यानं विचारलं, हे काय पेरलंय. मी म्हणलं, सोयाबीन. तर तो म्हणला, माझी आई रताळी लावती. आणि मग म्हणला, तुमच्याकडं पोरं गावात राहतात का? आमच्या गावात आता म्हातारीच माणसं राहिलीत. तो स्वतः दोन वर्षं घरी गेला नव्हता."

तिने माझा कागद उचलला. "हे कुठल्याच व्हिडिओत येत नाही, पप्पा. ते पुढं जातील का आपण, मला माहीत नाही. पण तुमच्या ह्या कागदावरून कुणालाच कळणार नाही. तिथं जाऊन कुणीतरी वाचायला पाहिजे."

"आणि परीक्षा?"

"परत येऊन देते. वय आहे अजून. अधिकारी होऊनही व्हिडिओ बघूनच ठरवायचं असंल तर काय उपयोग?"

मी डबा बंद केला. त्या दिवशी मी हो म्हणालो नाही. मी म्हणालो, "आईच्या प्रश्नाचं उत्तर आधी आण." दोन दिवसांनी तिने आणलं. विद्यापीठाचा दवाखाना आवारातच होता. तिच्या पुण्याच्या वर्गातली एक मुलगी आधीच तिथे होती. तिच्याशी बायको फोनवर पाऊण तास बोलली. आमच्या लग्नानंतर माझ्याशी ती सलग एवढं बोलल्याचं मला आठवत नाही.

त्या संध्याकाळी मी भारताचा रकाना नव्याने लिहायला घेतला. शेती फीडर दिवसा चालू, हे पहिलं. मग बायकोला विचारलं, "तुझ्या रजिस्टरात लालमध्ये किती आहेत?"

"एकही न्हाय."

"कधीपासून?"

"वर्ष झालं. मी आले तेव्हा सात होती." तिने माझ्याकडे पाहिलं. "आज विचारताय?"

मी ते लिहिलं. तिच्या शब्दावरून लिहिलं, पण लाल शाईने नाही. तिने एकेका मुलाला स्वतः काट्यावर उभं केलं आहे. मग हॉटेलातल्या चार माणसांच्या भांडणाकडे आलो. ते खोडावं की ठेवावं, यावर बराच वेळ गेला. शेवटी ठेवलं, पण 'निष्पन्न काही नाही' एवढं खोडलं. कुणालाही मोठ्याने नावं ठेवून माणूस आपल्या पायांनी घरी जातो, हेही निष्पन्नच आहे. धाराशिव गाडी वीस मिनिटं उशिरा, हेही ठेवलं. ती येते उशिराच.

चीनच्या रकान्यात एकच ओळ उरली. एका तंत्रज्ञाची आई रताळी लावते. तीही खरं तर मुलीची, माझी नाही. बाकी जागा कोरी. कोरी जागा बघून मला वाईट वाटायला हवं होतं, पण उलट बरं वाटलं. न वाचलेला आकडा कोरा सोडणं मला जमतं. महासत्ता कोण, ती बेरीजही मी कोरी सोडली. आपल्या बाजूला लिहिण्यासारखं मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ निघालं, एवढं मात्र मी खात्रीने सांगू शकतो.

सकाळी मुलीला म्हणालो, "कळव त्यांना. जा."

ती आत गेली आणि आईच्या शेजारी उभी राहून पोळ्या लाटू लागली. ती कधी लाटत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी भाऊ आले. येताना पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि कागदात गुंडाळलेला एक फुटका वॉशर आणला. "हा माझ्या पंपाचा. इथं मिळंना. त्यांच्याकडं मिळाला तर बघ." मग जरा थांबून, "आन् त्यांना सांग, तेरची हाय म्हणून. आमी आधी येऊन गेलोय म्हणावं."

"सांगते, मोठे पप्पा. रोमच्या आधी का नंतर, ते विचारलं तर?"

"तुझ्या बापाला विचार. त्याच्याकडं तासातासाची नोंद असंल."

मी तिला दोनशे पानांची वही दिली. पानं मी आखून ठेवली होती: दिनांक, वेळ, काय पाहिलं, शेरा. सांगितलं एवढंच की स्वतः पाहिलेलं निळ्यात, ऐकलेलं लालमध्ये. आणि शेऱ्यात चांगलंही लिहायचं.

आता ती जाऊन चार महिने झाले. दर रविवारी ती पानाचा फोटो पाठवते आणि मी तो माझ्या कागदावर उतरवून घेतो. तिचं निळं मी निळंच धरतो. त्यासाठी नियमात तेवढा बदल केला. तीनशेच्या वेगाची गाडी खरी आहे, तिने स्वतः बसून डब्यातल्या पाटीवर आकडा वाचला. खोलीखालच्या दुकानातली बाई वीस वर्षं शहरात आहे, पण शहराची नोंद नाही म्हणून तिच्या मुलीला शाळेसाठी गावी आजीकडे ठेवावं लागलं, हेही आहे. वॉशर मिळाला, तिसऱ्या दुकानात. भारत कुठे आहे म्हणून विचारणारी पोरं आहेत, आणि आपल्याकडे सौर वीज गावात दिवसा मिळते हे ऐकून आणखी प्रश्न विचारणारी पोरंही आहेत.

पण मी सगळ्यांना दाखवतो ते पहिलं पान. विमानतळावरून विद्यापीठाकडे जातानाची, तिच्या वहीतली पहिलीच नोंद. निळी शाई, वेळ दुपारी दोनची. काय पाहिलं, या रकान्यात तिने लिहिलं आहे: 'बस सात मिनिटं उशिरा.' आणि शेऱ्यात: 'धाराशिव गाडीपेक्षा तेरा मिनिटं लवकर. एका म्हाताऱ्या माणसाने बसायला जागा दिली.'

भावांनी ते पान लांब धरून दोनदा वाचलं. "उशीर त्यांच्याकडं पण हाय म्हण की," ते म्हणाले, आणि बराच वेळ खुशीत होते.